थायलंडचे खाद्यबाजार आणि तिथला वाणसामान-भाजीपाला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकॉकमध्ये पहिल्यांदाच जाणार. कुठल्या बाजारापासून सुरुवात करू?

ओ तो को बाजारापासून. चतुचक बाजाराच्या समोर आहे. एमआरटी या मेट्रोच्या कम्फेंग फेट स्थानकाचं तीन नंबरचं दार बाजाराजवळच उघडतं. शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी पणन संस्थेचा हा बाजार. जमीन कोरडी, माल निवडलेला, भाव इतरांपेक्षा बरेच चढे. खरेदीसाठी नव्हे, ओळख करून घेण्यासाठी इथे जावं. चांगला कंद, चांगलं पान, चांगली मिरची दिसते कशी, हे एकदा इथे बघितलं की पुढच्या बाजारात डोळा फसत नाही.

दुसऱ्या दिवशी ख्लोंग तोई. शहरातल्या हॉटेलांचा आणि गाड्यांवर विकणाऱ्यांचा माल इथून जातो, त्यामुळे बाजार जवळजवळ चोवीस तास चालू असतो. जमीन ओली, हातगाड्या सुसाट, मांस-मासळीचा वास उग्र. बंद आणि न घसरणारे बूट घाला. हातगाडीवाला हाक देतो तेव्हा लगेच कडेला व्हा. त्याला थांबणं परवडत नाही. पाक ख्लोंग तलात फुलांसाठी प्रसिद्ध असला, तरी भाजीचा घाऊक व्यापारही तिथे मोठा आहे.

आणि तरंगते बाजार?

दाम्नेन सादुआक आता बहुतेक पर्यटकांसाठीच उरला आहे. समुत सोंगख्राम प्रांतातला अम्फावा शुक्रवार ते रविवार, दुपारपासून रात्रीपर्यंत भरतो. तिथे स्थानिक लोकही खायला येतात. त्याच्या जवळच मे क्लोंगचा रेल्वे बाजार आहे. गाडी आली की छपरं मिटतात, गेली की उघडतात, आणि ते बघायला गर्दी लोटते. आमचं म्हणणं असं, की गाडी गेल्यावर अर्धा तास तिथेच थांबावं. मे क्लोंगची प्ला थू थायलंडभर नावाजलेली आहे. हा आपल्या बांगड्याचा अगदी जवळचा नातेवाईक. वाफवलेले मासे बांबूच्या छोट्या गोल टोपलीत मावावेत म्हणून त्यांची मान मोडून वाकवलेली असते, त्यावरून ते लांबूनही ओळखता येतात. घ्यायचे, तेलात खरपूस परतायचे आणि नाम फ्रिक कापि या चटणीबरोबर खायचे. ज्याच्या घरी बांगडा होतो त्याला या जेवणाची वेगळी शिफारस करायला नको.

किती वाजता जावं?

कच्च्या मालासाठी सकाळी सहा ते नऊ. नारळ किसणारे, वाटण विकणारे, ताज्या नूडल्सवाले सकाळीच असतात. दहानंतर पालेभाजी उन्हाने मलूल पडते. संध्याकाळचे बाजार शिजवलेल्या अन्नाचे. बौद्धांच्या 'वान फ्रा' या पवित्र दिवशी मांसाचे बरेच गाळे बंद असतात. तो दिवस चंद्राच्या तिथीने ठरतो, म्हणून डुकराचं मांस घ्यायचं असेल तर आदल्या दिवशी विचारून ठेवा.

पाटीवर 20 लिहिलेलं असतं आणि विक्रेता 100 मागतो. फसवणूक आहे का?

बहुतेक वेळा नाही. सुट्या, महाग वस्तूंचा भाव 'खीत'वर असतो. एक खीत म्हणजे 100 ग्रॅम. मिरची, वाटण, सुका झिंगा, लसूण यांच्या पाटीवरचा आकडा बऱ्याचदा खीतचा असतो. तुम्ही अर्धा किलो मागितलंत तर पाच पटच होणार. पालेभाजी जुडीवर म्हणजे 'काम'वर, फळं किलोवर. 'थाव राय' म्हणजे केवढ्याला. बाईने वाक्याच्या शेवटी 'खा' म्हणायचं, पुरुषाने 'ख्राप'; न म्हटलं तरी कळतं, पण म्हटलं की समोरच्याचा सूर बदलतो.

भाजीत घासाघीस फारशी चालत नाही. तीन-चार जिन्नस एकाच ठिकाणी घेतले तर मूठभर मिरच्या किंवा कोथिंबिरीची काडी आपणहून पिशवीत पडते. क्यूआर कोड सगळीकडे दिसतात, पण ते मुख्यतः थाई बँकखात्यांसाठी आहेत. 20, 50 आणि 100 बाथच्या नोटा जवळ ठेवा. सकाळी सहा वाजता 1000 ची नोट पुढे करणं कोणालाच आवडत नाही.

आल्यासारखे दिसणारे तीन कंद आहेत. कोणता कशासाठी?

साधं आलं म्हणजे खिंग. ते ओळखीचंच आहे.

'खा' म्हणजे कोळिंजन. साल फिकट, गुळगुळीत, अंगावर गडद आडव्या कड्या, कोवळ्या कोंबाला गुलाबी छटा. वास आल्याचा नाही, झाडाच्या राळेकडे झुकणारा. रश्शात घालायला कोवळा कंद, चकत्या करून. त्या चकत्या खायच्या नसतात, ताटाच्या कडेला काढायच्या. वाटणाला जून कंद, पण अगदी बारीक चिरून. खा नसेल तर आलं घाला असं बऱ्याच पाककृतींत लिहितात. तसं करू नका. आल्याने तोम खा हा नारळाच्या दुधातला रस्सा आल्याचं सार होतो. काष्ठौषधींच्या दुकानातला सुका कोष्टकोळिंजन रश्शात उकळला तर थोडाफार वास देतो, वाटणात मात्र त्याचा लाकडी चोथा होतो.

तिसरा 'क्राचाय'. बोटांच्या जुडग्यासारखे बारीक, लांब, तपकिरी कंद. माशाचा उग्रपणा मारण्यासाठी जंगली पद्धतीच्या कढीत (कढी म्हणजे इथे थाई करी) आणि खानोम चीन नूडल्सच्या माशाच्या रश्शात घालतात. बरणीत मिठाच्या पाण्यात घातलेला मिळतो; त्याला ताज्याची अर्धीही चव नसते.

तुळशीचे प्रकार किती, आणि चुकलं तर काय बिघडतं?

तीन, आणि तिन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

काफ्राव ही आपल्या तुळशीचीच जात. पानं किंचित लवदार, कडेला दातेरी, वासात लवंगेचा तिखटपणा. लसूण-मिरचीबरोबर कडकडीत तव्यावर परतायची. आपल्या अंगणातल्या तुळशीने हा पदार्थ होतो, पण ती औषधी कडवट लागते. पानं निम्मीच घ्यावीत. होराफा म्हणजे जांभळट देठाची, गुळगुळीत, चकचकीत पानांची, बडीशेपेच्या वासाची. ती हिरव्या आणि तांबड्या कढीत आच बंद केल्यावर घालतात. उकळत ठेवली की काळी पडते आणि वास उडतो. मेंगलकची पानं लहान, फिकट, लिंबाच्या वासाची. तिचं बी सब्जासारखं पाण्यात फुगतं आणि गोड पदार्थांत जातं.

बाजारात नाव आठवलं नाही तर एक पान चुरडून हुंगा. विक्रेत्यांना त्याचं काही वाटत नाही.

गवती चहा तर आपल्याकडेही आहे. तोच ना?

वनस्पती तीच, वापर उलटा. आपण पातं चहात टाकतो. थाई स्वयंपाकात पातं बाजूला टाकतात आणि बुडखा घेतात. तखरायची, म्हणजे गवती चहाची, काडी अंगठ्याएवढी जाड, खाली जांभळट-पांढरी, हाताला जड लागली पाहिजे. बाहेरची दोन पापुद्री काढा, मुळाकडचा टणक अर्धा सेंटिमीटर कापा आणि खालचा 8 ते 10 सेंटिमीटरचा भागच वापरा. वाटणासाठी आडव्या चकत्या, जितक्या पातळ होतील तितक्या. उभी चिरली तर धागे तसेच राहतात आणि कढी खाताना दातांत अडकतात. वाटण चरबरीत होण्याचं हे पहिलं कारण.

घरच्या कुंडीतला गवती चहा सतत पाती कापल्याने बुडख्यात भरत नाही. एखादा गड्डा वेगळा लावा, खोल मातीत, आणि पाच-सहा महिने त्याला हात लावू नका.

माक्रूत लिंबाऐवजी साधं लिंबू चालेल का?

रसासाठी माक्रूत वापरतच नाहीत म्हटलं तरी चालेल. त्याची पानं आणि सालीचा फक्त हिरवा पापुद्रा लागतो. पान जोडलेलं असतं, एकापुढे एक अशी दोन पानं चिकटल्यासारखी. रश्शात घालताना मधली शीर काढून हातानेच फाडा. वर भुरभुरायचं असेल तर गुंडाळी करून केसाएवढं बारीक चिरा. साल किसताना पांढरा भाग आला की कडवटपणा आलाच. ही पानं धुऊन, पुसून, हवाबंद पिशवीत गोठवली तर महिनोन् महिने टिकतात. ओ तो कोमध्ये जेवढी दिसतील तेवढी घ्यावीशी वाटतात, पण चार जणांच्या कढीला पाच-सहा पानं पुरतात.

कोकणातल्या, गोव्यातल्या माणसाला बाजारात आणखी काय ओळखीचं वाटेल?

बरंच. फाक बुंग ही आपली नाळीची भाजी, मोठ्या आचेवर मिनिटभरात परतून होते. दोक खे म्हणजे हादग्याची फुलं, आंबट कढीत जातात. आतला केसर काढावा, नाहीतर कडू. थुआ फू म्हणजे चौधारी, तिचं मिरची-नारळ घालून केलेलं कालवण कच्चटच ठेवतात. केळफूल तिथे कच्चं, फाद थाय या परतलेल्या नूडल्सच्या ताटात. चिरल्याबरोबर लिंबाच्या पाण्यात टाकलं नाही तर काळं पडतं. आंचान म्हणजे गोकर्ण, भाताला आणि सरबताला निळा रंग द्यायला. बाय तोई हे आपल्याकडे परसात अन्नपूर्णा म्हणून लावतात ते सुवासिक पान. मादान नावाचं लांबट हिरवं आंबट फळ कोकमाच्या कुळातलं.

उत्तरेत गेलात तर मा ख्वेन नक्की शोधा. हा आपल्या त्रिफळाचा सख्खा नातलग. बांगड्याच्या आमटीत त्रिफळं घालणाऱ्याला जीभ बधिर करणारी ती चव लगेच ओळखू येईल, पण तिथे ती भाजून, कुटून लाब नावाच्या मांसाच्या पदार्थात घालतात.

कापि म्हणजे काय? इतका वास येतो, खराब तर नाही ना?

कापि ज्या इवल्याशा कोळंबीवर्गीय जिवांपासून करतात ते आपल्या जवळ्याच्या जातीचे. मीठ लावून, आंबवून, उन्हात वाळवून, कुटून तिचा घट्ट लगदा होतो. चांगली कापि जांभळट-तपकिरी, बोटाने दाबली की मऊ, वास समुद्राचा आणि खारट. अमोनियाचा झणका आला, किंवा रंग भडक गुलाबी दिसला तर घेऊ नका. दाताखाली खरखर म्हणजे वाळू राहिली आहे.

नाम फ्रिक कापि करायची असेल तर चमचाभर कापि केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजा, वास गोड व्हायला लागेपर्यंत. मग 5-6 लसूण पाकळ्या आणि 6 ते 10 बारीक मिरच्या कुटा, त्यात 1 मोठा चमचा कापि, 1 मोठा चमचा ताडगूळ, 2 मोठे चमचे लिंबाचा रस. मीठ घालू नका. कापित ते भरपूर आहे.

नाम प्ला, म्हणजे माशांचा खारट सॉस, कोणता घ्यावा?

बाटलीवर 'नाम प्ला थे' म्हणजे अस्सल. 'नाम प्ला फसोम' म्हणजे पाणी वगैरे मिसळलेला. घटकांत मासे, मीठ आणि फार तर साखर, एवढंच असावं. रंग पारदर्शक, तांबूस चहाचा. उघडलेली बाटली काळपट होत जाते. खराब झाली असं नाही, पण चव जड होते, म्हणून लहान बाटली घ्या. प्ला रा हे वेगळं प्रकरण. गोड्या पाण्यातले मासे मीठ आणि तांदळाच्या कोंड्यात किंवा भाजलेल्या तांदळाच्या पिठात आंबवलेले, ईशान्य थायलंडचा, म्हणजे ईसान भागाचा जीव. ते कच्चं खाऊ नका, उकळून गाळलेलं घ्या. त्यात यकृतातल्या कृमींचा खरा धोका असतो.

तयार वाटण घ्यावं की स्वतः करावं?

थायलंडमध्ये असाल आणि लगेच शिजवणार असाल तर बाजारातलं ताजं वाटण घ्या. मोठ्या परातींत रंगीत डोंगर रचलेले दिसतात, खीतवर विकतात. चार जणांच्या कढीला 100 ग्रॅम पुरे. फ्रिजमध्ये आठवडाभर, गोठवून दोन-तीन महिने.

घरी हिरवं वाटण करायचं तर साधारण हे प्रमाण: 15 बारीक हिरव्या मिरच्या, 3 मोठ्या हिरव्या मिरच्या, 1 छोटा चमचा जाडं मीठ, 2 मोठे चमचे चिरलेली तखराय, 1 मोठा चमचा खा, 1 छोटा चमचा माक्रूतची साल, 2 छोटे चमचे कोथिंबिरीची मुळं, 3 मोठे चमचे छोटे कांदे, 2 मोठे चमचे लसूण, 1 छोटा चमचा कापि. त्याशिवाय 1 छोटा चमचा धणे, अर्धा चमचा जिरे आणि अर्धा चमचा पांढरी मिरी; धणे-जिरे कोरडे भाजून, तिन्ही आधीच कुटून बाजूला.

क्रम महत्त्वाचा. मीठ आणि मिरची, मग खा आणि तखराय, मग साल आणि मुळं, नंतर लसूण-कांदा, शेवटी कोरडा मसाला आणि कापि. टणक आधी, पाणी सुटणारं नंतर. कांदा आधी पडला की सगळं घसरतं आणि तखराय कुटलीच जात नाही. मिक्सरमध्ये फिरवायला पाणी घालावं लागतं, आणि ते पाणी आटेपर्यंत वाटण तळलं न जाता शिजतं. कच्चट वास राहतो. मिक्सरच वापरणार असाल तर पाण्याऐवजी दोन चमचे घट्ट नारळरस घाला.

कोथिंबिरीच्या मुळांबद्दल एवढंच सांगणं आहे: टाकू नका. लसूण, पांढरी मिरी आणि ही मुळं मिळून थाई स्वयंपाकाचा पाया होतो. महाराष्ट्रातल्या मंडईत जुडी बहुधा मुळांसकटच येते. कापून, घासून धुऊन, कोरडी करून डब्यात गोठवत जा.

नारळाच्या दुधाला तेल का सुटत नाही?

कारण डब्यातल्या दुधात ते फुटू नये म्हणूनच काहीतरी घातलेलं असतं. थाई कढीत मात्र ते फुटायलाच हवं. घट्ट रस आटवून तेल वर आलं की त्यात वाटण तळायचं असतं.

बाजारात नारळ तुमच्यासमोर किसून, यंत्रात पिळून देतात. 'हुआ काथि' म्हणजे पहिला घट्ट रस, 'हांग काथि' म्हणजे दुसरा पातळ. घरी अर्धा किलो खोबऱ्याच्या किसाला आधी 1 कप कोमट पाणी घालून पिळा, मग तोच चोथा 2 कप पाण्यात. घट्ट रस मध्यम आचेवर 6-8 मिनिटं, कडेला तेलाचे ठिपके येईपर्यंत. मग वाटण 4-5 मिनिटं परता, मग मांस किंवा भाजी, मग पातळ रस, नाम प्ला दीड चमचा, ताडगूळ 1 चमचा. डब्यातलंच दूध असेल तर घटकांत खोबरं आणि पाणी एवढंच लिहिलेलं शोधा. नाही मिळालं तर परतताना 1 चमचा तेल घाला आणि पुढे जा.

ताजा रस उन्हाळ्यात तीन-चार तासांत आंबतो. बाजारात सगळ्यात शेवटी घ्या.

ताडगूळ कसा ओळखावा?

समुत सोंगख्रामचा माडाचा, फेतचाबुरीचा ताडाचा. अस्सल असेल तर मऊ, ओलसर, तपकिरी, दोन-चार दिवसांत पाघळणारा. दगडासारखा कडक आणि पांढुरका असेल तर उसाची साखर भरपूर आहे. गोव्यातला माडाचा काळा गूळ गोड पदार्थांना उत्तम, पण फाद थायचा रंग आणि चव दोन्ही काळवंडवतो. तिथे फिकट सेंद्रिय गूळ बरा.

मी शाकाहारी आहे. बाजारात खाऊ शकेन का?

'चे' ही खूण शोधा: पिवळी पताका, तांबडं थाई अक्षर. तिथे मांस, मासे, अंडी, दूध नसतंच, शिवाय कांदा-लसूणही नसतो. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातल्या नऊ दिवसांच्या उत्सवात, साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये, या पताका सगळीकडे लागतात. फुकेतचा उत्सव सर्वांत प्रसिद्ध. जैन वाचकांनी लक्षात ठेवावं, की 'चे' जेवणात बटाटा, गाजर, मुळा, खा असे कंद सर्रास असतात. 'मांगसाविरात' म्हटलं तर शाकाहारी, पण अंडं येऊ शकतं.

इतर गाड्यांवर केवळ 'मांस नको' म्हणून भागत नाही. तयार वाटणात कापि, भाजीत कालवांचा सॉस, सोम ताम या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत नाम प्ला आणि सुका झिंगा. 'माय साय नाम प्ला, माय साय कापि' एवढं पाठ करा. कढीच्या बाबतीत मात्र विक्रेत्याच्या हातात काही नसतं, वाटण आधीच झालेलं असतं. तेव्हा कढी 'चे' दुकानातच खा.

ताज्या नूडल्स आणि चिकट भात?

रुंद ताज्या नूडल्स, सेन याय, त्याच दिवशी वापरा. फ्रिजमध्ये त्या कडक होऊन तुकडे पडतात. फाद थायसाठी सेन चान या सुक्या नूडल्स घ्या आणि साध्या पाण्यात अर्धा तास भिजवा, उकळू नका; कढईत उरलेलं शिजतं. चिकट तांदूळ किमान चार तास भिजवून, पाणी काढून 20-25 मिनिटं वाफेवर. भांड्यात पाणी घालून शिजवला तर त्याची खळ होते.

चियांग माईला कुठला बाजार?

वारोरोत, ज्याला तिथले लोक काद लुआंग म्हणतात. साय उआ हे मसालेदार सॉसेज, भाजक्या हिरव्या मिरचीची नाम फ्रिक नुम, सोयाबीन आंबवून उन्हात वाळवलेल्या पातळ चकत्या म्हणजे थुआ नाव. शाकाहाऱ्यांना थुआ नाव फार उपयोगी: विस्तवावर भाजून, कुटून वाटणात कापिच्या जागी घाला. जवळचा मुआंग माय बाजार भाजी आणि फळांसाठी स्वस्त.

खलबत्ता आणावा का?

वाटणाला दगडी, 'ख्रोक हिन'; चोनबुरीजवळच्या आंग सिलाचे नावाजलेले. आतून किमान 15 सेंटिमीटर व्यास नसेल तर मसाला बाहेर उडतो. पण त्याचं वजन पाच-सहा किलो सहज भरतं, आणि घरी दगडी खलबत्ता असेल तर तोच पुरेसा आहे. सोम तामचा मातीचा खल आणि लाकडी बत्ता वेगळा. त्यात कुटायचं नसतं, ठेचत-ढवळत मिसळायचं असतं. दगडात पपईचा लगदा होतो.

भारतात काय आणता येईल?

ताजी पानं, कंद, बिया, रोपं आणू नका. वनस्पती संगरोध (भारतात आयातीचे नियमन) आदेश, 2003 नुसार परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ती अडवली जातात. मांसाच्या पदार्थांवरही बंधनं आहेत. कारखान्यात सीलबंद केलेली वाटणं, गूळ, सुक्या नूडल्स सामानात ठेवा. शंका असेल ती वस्तू सीमाशुल्क अधिकाऱ्यांना आपणहून दाखवा. वाटण आणि कापि विमानात द्रवपदार्थांत मोजतात, म्हणून 100 मिलिलिटरच्या वर हातसामानात चालत नाहीत. कापिच्या बरणीचं झाकण चिकटपट्टीने बंद करून दोन हवाबंद पिशव्यांत घाला, आणि ती कपड्यांपासून लांब ठेवा.

तखराय, खा, माक्रूतची पानं मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमधल्या परदेशी भाज्यांच्या गाळ्यांवर मिळतात. खा घेताना कापलेलं टोक बघा: ओलसर आणि फिकट असेल तर ताजा, करडं आणि तंतुमय असेल तर सोडून द्या.